कंदुरीतली पुरचुंडी

मटन चिवट निघालं की लोक आधी बोकडाला शिव्या घालतात, मग खाटकाला आणि शेवटी कुकरच्या रिंगला. कापणाऱ्याच्या हाताला कोणी काही म्हणत नाही. मी मात्र उभा जन्म त्या हाताचीच नोकरी केली. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे ज्याला माझ्या तोंडून अजून औरंगाबादच निघतं, जालना रोडवरच्या एका हॉटेलात मी चायनीज सेक्शनला होतो. रिटायर झालो तेव्हा मालकांनी शाल-नारळ दिला आणि मी माझा चॉपर मागून घेतला. आता गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत, म्हणून घरच्याच ओट्यावर बायांना, आणि हल्ली बाप्यांनाही, चायनीज शिकवतो. संपादक म्हणाले, धंद्यातलं काहीतरी लिहा. फ्राइड राइसवर लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मांस मऊ कसं करतात यावर आहे, आणि त्यातल्या एका घासावर आहे.

मी मूळचा देवगाव रंगारीचा. शेतकऱ्याचं घर. आमच्याकडं मटन म्हणजे दातानं ओढायची वस्तू. हाडाला धरून मान वाकडी केल्याशिवाय मटन खाल्ल्यासारखं वाटायचं नाही. अशा घरातला मी पोटापाण्यासाठी फर्दापूरला गेलो. अजिंठ्याची लेणी बघायला येणारे लोक तिथं उतरायचे, आणि त्यांना घरच्यासारखं काहीतरी खायला लागायचं. तिथल्या एका हॉटेलात चायनीजला एक नेपाळी उस्ताद होता. सगळे त्याला दाजू म्हणायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

दाजूनं मला सुरुवातीला सुरीला हात लावू दिला नाही. कोंबडीच्या छातीचा एक तुकडा हातात दिला आणि म्हणाला, "इसका रास्ता देख." मी उलटापालटा करून बघितला, काही दिसेना. मग त्यानं तो खिडकीच्या उजेडात धरला. तेव्हा दिसलं. मांसाला रेघा असतात, लाकडाला असतात तशा. रेघेच्या दिशेनं कापलं तर तोंडात अख्खा दोरा जातो. रेघेला आडवं कापलं तर दोऱ्याचे बारीक तुकडे जातात. दाताचं काम सुरीनं आधीच करून ठेवायचं, की झालं. चिनी लोकांची अर्धी विद्या एवढीच आहे, आणि ती फुकट आहे, तरी लोक करत नाहीत.

उरलेली अर्धी वाटीत होते. पातळ कापलेल्या मांसाला खायचा सोडा अगदी बेतानं चोळायचा, थोडा वेळ ठेवायचं आणि मग स्वच्छ धुऊन टाकायचं. धुण्यावर माझा फार जोर असतो, कारण आमच्या लोकांना वाटतं की धुतलं की चव जाते. चव जात नाही, सोडा जातो, आणि तो गेलाच पाहिजे. मग अंड्यातलं पांढरं, मक्याचं पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर, चमचाभर तेल. तुकड्यावर एक पातळ अंगरखा चढतो. हॉटेलात असे तुकडे बेताच्या तापलेल्या तेलातून काढतात. घरी कढईभर तेल कोण वाया घालवणार? घरी मी पाणी तापवायला सांगतो. उकळी बसलेली असली पाहिजे, नुसतं खालून हलणारं पाणी, वर थोडं तेल. त्यात तुकडे सोडायचे, पांढरे झाले की काढायचे. अंगरखा आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि मांस मऊ राहतं.

पाण्यावरून आठवलं. फर्दापूरला एकदा चिनी लोकांचा एक ग्रुप आला होता. त्यातली एक म्हातारी बाई जेवता जेवता उठली आणि सरळ किचनमध्ये आली. मागून गाईड पळत आला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. बाईंनी मुरवलेल्या चिकनच्या भांड्यात बोट घातलं, तोंडानं चक् केलं आणि काहीतरी बोलल्या. गाईड म्हणाला, "पाणी कमी आहे म्हणतात." मी म्हणालो, मांसात पाणी कुठं घालतात होय? बाईंनी बाह्या वर केल्या. चमचा-चमचा पाणी घालायचं आणि एकाच दिशेनं हात फिरवत राहायचं, कणीक तिंबावी तसं. बघता बघता मांसानं सगळं पाणी पिऊन टाकलं. भांडं कोरडं. दाजू हाताची घडी घालून बघत होता. बाई गेल्यावर म्हणाला, "याद रख." मी ठेवलं.

पुढं मी औरंगाबादला आलो आणि हळूहळू सेक्शन माझ्या हातात आलं. माझा स्वभाव तिरसट, हे सांगायला लाज कशाची. "टेबलवाले म्हणतात मटन कडक आहे" असा निरोप आला की दुसरा कोणी असता तर प्लेट बदलून दिली असती. मी बाहेर जायचो. गिऱ्हाइकाच्या समोर त्याच्याच प्लेटमधला तुकडा घ्यायचा आणि त्याच्याच चमच्याच्या कडेनं कापून दाखवायचा. सुरी नाही, काटा नाही, नुसता चमचा. तुकडा दोन व्हायचा. मग मी आत जायचो. मॅनेजर कपाळाला हात लावायचा. पण तक्रार मी कधी कबूल केली नाही, कारण कडक तुकडा माझ्या हातून बाहेर जायचाच नाही.

एकदाच माझा चमचा चालला नाही. देवगावचे अण्णा घरच्या लग्नाचा बस्ता बांधायला शहरात आले होते आणि सगळा गोतावळा घेऊन आमच्या हॉटेलात जेवायला बसले. अण्णा म्हणजे गावातलं मोठं घर, अद्रकीची बागायत, भरदार शरीर, आणि आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर वेशीत ऐकू यावी. त्यांनी शेजवान मटन मागवलं. प्लेट परत आली. मी तरातरा बाहेर गेलो, तर अण्णांनी मला ओळखलं.

"भान्या, हे मटन हाय का उकडलेलं रताळं?" ते म्हणाले. "दाताला कामच नाय."

मऊ आहे हीच तक्रार, आता चमच्यानं काय कापून दाखवणार? मी म्हणालो, "अण्णा, लोक ह्यासाठीच इथं येतात."

"येत असतील," अण्णा म्हणाले. "ज्यांना दात नाईत ते येत असतील."

सगळं टेबल हसलं. मी आत जाऊन त्यांना हाडाचं सुकं मटन करून पाठवलं, ते त्यांनी बोटं चाटून खाल्लं, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप गोड लागली नाही. पुढं कितीतरी दिवस मटन कापताना ते रताळं आठवायचं आणि मी चॉपर जोरात आपटायचो.

रिटायर झाल्यावर क्लास सुरू केला तेव्हा नाना तऱ्हेचे विद्यार्थी भेटले. एक दीक्षितकाकू होत्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा, स्वतः अंडंसुद्धा खात नाहीत, पण नातू परदेशातून यायचा होता आणि त्याला बाहेरचं बाधतं, म्हणून शिकायला आल्या. मांसाला हात लावायच्या नाहीत. दोन चिमटे घेऊन यायच्या आणि चिमट्यांनी कॉर्नफ्लोअर चोळायच्या. नातवानं खाल्लं आणि आणखी मागितलं, हे सांगायला पेढे घेऊन आल्या होत्या. अशा गमती होत्या. मग गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर अक्का आल्या.

अक्का म्हणजे अण्णांच्या मंडळी. मी लहानपणापासून त्यांना बघत आलेलो. दारात उभ्या राहिल्या तेव्हा आधी ओळखू आल्या नाहीत, इतक्या वाळल्या होत्या. अण्णांना जबड्याचा कॅन्सर झाला होता. तंबाखूचा बार त्या गालात कायमचा असायचा. शहरातच ऑपरेशन झालं, उजवीकडचा जबडा काढला, मग रेडिएशनचे, म्हणजे शेकायचे, डोस झाले. माणूस वाचला. पण तोंड उघडेना. एक बोट कसंबसं आत जाईल एवढीच फट. दात उरले ते डावीकडचे थोडे.

"भानुदासा, त्यांना टेबलावर नेलं तवा मी पिराला बोलले," अक्का म्हणाल्या. "ह्यांना उठीव, मी कंदुरी करीन, आन पहिला घास ह्यांच्या तोंडात पडंल, मग पंगत."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या भागात नवस फेडायला पिराच्या दर्ग्यावर बोकड देतात, तिथंच शिजवतात, फातेहा म्हणजे दुव्याचं पठण होतं आणि मग सगळ्यांना जेवू घालतात. त्याला कंदुरी म्हणतात. हिंदूंची घरंही पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आमचंही. खुलताबादच्या घाटापलीकडं आमच्या लोकांचा एक लहानसा पीर आहे, अक्का त्यालाच बोलल्या होत्या.

"मग अडचण काय?" मी विचारलं. "मिक्सरमधून काढून चारायचं."

अक्कांनी मान हलवली. अण्णा वर्षभर मिक्सरवरच होते. वरण-भात मिक्सरमधून, भाकरी-दूध मिक्सरमधून. मिक्सरचा आवाज आला की जेवायची वेळ झाली असं समजायचं. "ते म्हनत्यात, पिराच्या दारात समद्या गावासमोर मी पातळ पेज पिनार नाय. बोकड दिलंय तर बोकड खाईन. न्हाईतर नवस फिटला नाय असं समज." मग हळूच म्हणाल्या, "न्हाई फिटला तर पुन्यांदा काय होईल, मला त्याची भीती वाटती रे." डॉक्टरांना विचारून आल्या होत्या. जिभेनं दाबून विरघळंल असं असेल तर द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. तुकडा दिसायला तुकडा पाहिजे आणि तोंडात गेल्यावर तुकडा राहायला नको. असं गिऱ्हाईक मला उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं.

मी अक्कांना चिकनवर शिकवलं. हाताला वळण होतं, लगेच जमलं. मग त्यांनी गावी जाऊन मटनावर स्वतःच करून बघितलं, आणि घोळ झाला. सोडा म्हटल्यावर आमच्या बायांच्या डोळ्यासमोर हरभरे येतात. हरभरे सोडा घालून आदल्या दिवशी भिजत घालायचे, सकाळी मऊ. अक्कांनी मटनही तसंच भिजत घातलं. जितकं जास्त भिजंल तितकं मऊ, असा साधा हिशेब. सकाळी हात घातला तर मटन साबणासारखं निसटायला लागलं. तरी शिजवलं आणि अण्णांना दिलं. अण्णांनी तोंडातलं ताटात काढून ठेवलं आणि म्हणाले, "बास. बोकड पिराला द्या, मी नुसता हात लावीन." त्या दिवसापासून त्यांनी अक्कांशी बोलणंच टाकलं. माणूस मोठा रागीट, आणि त्यात तोंड उघडेना, मग राग जाणार कुठं.

अक्कांनी मला फोन केला. "मला नाय जमत. तूच ये," एवढंच म्हणाल्या. मी चॉपर फडक्यात गुंडाळला, सोड्याची पुडी, कॉर्नफ्लोअर आणि अंडी घेतली. सोया सॉस घरीच ठेवला. पिराला चायनीज दाखवायला जात नव्हतो मी.

कंदुरीच्या दिवशी सकाळी पोचलो. बोकड चांगलं पोसलेलं होतं, कोवळं नाही आणि जूनही नाही. बोकडाबद्दल कोणी तक्रार करावी असं काही नव्हतं. मुलाण्यानं आपलं काम केलं, मांस आलं, तिकडं चुलीवर देग चढली. मी पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूची बारीक पट्टी मागून घेतली. बोकडाच्या अंगात सगळ्यात कमी राबलेलं मांस तेच. आणि दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावरांना म्हणालो की अण्णांपुरतं वेगळ्या पातेल्यात करतो.

मुजावर म्हातारे, शांत माणूस. पण यावर अडले. "अलग हांडी नक्को," ते म्हणाले. "मन्नत का बकरा एकीच देग में पकता."

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी जरा विचार केला. आपल्याला हवं काय असतं? खालून हलणारं पाणी आणि वर थोडं तेल. देगेत रस्सा होता आणि वर तर्री होती. म्हणालो, "चाचा, देग एकच. तुकडे फडक्यात बांधून देगेतच सोडतो. चालेल?"

मुजावरांनी लिंबाखाली खुर्चीत बसलेल्या अण्णांकडं बघितलं. गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं, अर्धा गाल त्याच्या आत. मग म्हणाले, "हौ. देग में गया तो देग का हुआ. मगर चखना नक्को. फातेहा के पैले जबान को नै लगना."

मी मान डोलावली. सगळ्या नोकरीत चाखल्याशिवाय एक प्लेट मी बाहेर सोडली नव्हती.

दुसरी अडचण कापायची. ताजं मांस लिबलिबीत असतं. हॉटेलात आम्ही ते फ्रीजमध्ये जरा घट्ट करून घेतो, मग पातळ काप निघतात. तिथं कुठला फ्रीज? चॉपरखाली पट्टी घसरायला लागली. दोन काप जाड निघाले तशा अक्का म्हणाल्या, "सर बाजूला." त्यांनी विळी मांडली, पाय ठेवून बसल्या, दोन्ही हातांत पट्टी ताणून धरली आणि पात्यावर सरकवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखा काप पडला. मी नुसता शेजारी बसून सांगत होतो, "रेघ आडवी घ्या, अजून आडवी." माझा चॉपर तसाच फडक्यावर पडून राहिला, आणि जरासं वाईटही वाटलं.

सोडा मी माझ्या हातानं लावला, आणि अक्का पाणी ओतायला तांब्या घेऊन शेजारीच बसल्या. वेळ झाली की धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. मग फर्दापूरच्या त्या म्हातारीसारखं पाणी पाजलं, चमचा-चमचा, एकाच दिशेनं. अंड्यातलं पांढरं घालताना मुजावर डोकावले. "अंडा बी?" मी म्हणालो, हौ. "चलताय," म्हणाले आणि गेले. धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात तुकड्यांची सैल पुरचुंडी बांधली. देग खदखदत होती. त्या उकळीत अंगरखा फाटून गेला असता, म्हणून आचाऱ्याला चुलीतली लाकडं ओढायला लावली. तो म्हणाला, इतक्या माणसांचं मटन शिजायचंय आणि तुम्ही जाळ काढायला सांगताय. अक्कांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं लाकडं ओढली.

पुरचुंडी सोडली आणि काढली. तुकडा बोटांत धरून दाबला, तो हलकेच दोन झाला. दोरा कुठं लागला नाही. मीठ-मसाला कसा लागला असेल ते पिरालाच माहीत.

फातेहा झाला. पंगत बसली, पानं वाढली, पण कोणी हात लावेना. सगळ्यांना नवस माहीत होता. मी चमच्यानं ताटलीत थोडा रस्सा आणि चार तुकडे वाढले आणि अक्कांनी ती अण्णांपुढं धरली. भरवायला हात उचलला, तर अण्णांनी तो बाजूला केला. स्वतःच्या बोटांनी एक तुकडा उचलला, डावीकडच्या फटीतून आत सरकवला, आणि चावायला लागले.

मला माहीत होतं की त्या तुकड्यात चावण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिभेनं दाबला की संपला. तो केव्हाच संपलाही असेल. पण अण्णा चावत राहिले. डावा गाल हलत होता, कानशिलावरची शीर वरखाली होत होती. पंगतीतलं एक म्हातारं माणूस म्हणालं, "चावायलेत की अण्णा." दुसरा म्हणाला, "व्हय, चावायलेत." अक्का खाली बघत होत्या. त्यांच्या हातातली ताटली मी एका हातानं खालून धरली.

अण्णांनी घास गिळला. पाणी प्यायले. दुसरा तुकडा उचलला, तोही तसाच खाल्ला. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि अक्कांकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी बोलले. "पंगतीला खाऊ दे आता," म्हणाले. शब्द जरा जड येत होते, पण पंगतीत सगळ्यांना ऐकू गेले. लोक जेवायला लागले.

मग अण्णांनी मान माझ्याकडं वळवली.

"भान्या."

"जी अण्णा."

"जरा कडक राहिलंय."

आचारी माझ्याकडं बघायला लागला. मुजावर बघायला लागले. अक्कांनी डोळे पुसता पुसता वर बघितलं. ताटलीत अजून दोन तुकडे होते, आणि वाढायचा चमचा माझ्या हातातच होता.

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "बोकडच जून निघालं."